मनात काही नाही

बाईनं टॅक्सीतून उतरता उतरता बॅग पुढे केली आणि अल्फियस पेटवेच्या हातानं ती घेतली. घेतली म्हणजे कशी, तर आधी जरा कलती करून वजन कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, मग गुडघा वाकवून, कमरेवर जोर न देता अलगद उचलली. त्र्याऐंशीव्या वर्षी चर्चच्या चार पायऱ्या चढायला ज्या गुडघ्याला मुलीचा हात लागतो, त्या गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. बाईच्या डोक्यावर लग्नाला घालतात तसली रुंद फिकट पिवळी टोपी होती आणि नवरीची आई अजून पोचलीच नाही असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. लाल कोट दिसला, बॅग दिली. हॉटेलचा खरा दरवान, त्याच्याही अंगात लालच, पलीकडच्या गाडीचं दार उघडण्यात गुंतला होता. "कुठल्या मजल्यावर, मॅडम?" असं कुणीतरी अगदी अदबीनं विचारलं. तो आवाज आपलाच आहे हे अल्फियसला लिफ्टपाशी पोचल्यावर कळलं. त्यानं बॅग खाली ठेवली, मूठ तिच्या उजव्या हाताशी येईल अशी वळवून ठेवली, आणि बाईनं पर्समधून एक नोट काढून, दुमडून त्याच्या छातीवरच्या खिशात सरकवली. त्याच खिशाच्या वर वैमानिकाचे चांदीचे पंख लावलेले होते. "देव तुमचं भलं करो," बाई म्हणाली. लिफ्टचं दार मिटलं.

व्हर्लीन गाडी लावून फिरत्या दारातून आत शिरत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका शाळेची ती मुख्याध्यापिका. छप्पन्न वर्षांची बाई, नुसती भुवई वर केली तर आख्खा व्हरांडा चिडीचूप व्हायचा. आत्ता तिनं भुवई उचलली नाही. बापाचा दंड धरून त्याला कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसवलं, समोर उभी राहिली आणि आवाज खाली ठेवून म्हणाली, "डॅडी, काय होतं ते?"

"काही नाही गं. बाईला मदत हवी होती."

"मदत हवी असती तर तिनं मागितली असती. तिनं तुमच्या हातात कोंबली बॅग."

"तिचं लक्ष नव्हतं, पोरी. फोनवर होती."

"आणि तुमचं लक्ष कुठं होतं?"

त्याचं लक्ष नव्हतं, हेच तर खरं दुखणं होतं. म्हातारी कोतारी बाई आहे, दोन पावलं ओझं नेऊन द्यावं, असा विचार करून त्यानं बॅग उचलली असती तर गोष्ट वेगळी होती. त्याला कुणी सभ्य गृहस्थ म्हटलं असतं. पण विचार झालाच नव्हता. हात परस्पर पुढे गेला होता, आणि हातामागून तोंड, आणि तोंडामागून पाय. मालक मागे राहिला आणि सगळी गडीमाणसं कामाला लागली.

"सांगायचं होतंत तिला. म्हणायचं, बाई गं, वर ज्याच्या सत्काराला चारशे माणसं जेवायला बसणार आहेत तो मी."

"उचलायच्या आधी सांगायला हवं होतं. उचलल्यावर काय सांगणार?" मग तो हसवायला म्हणाला, "आणि बक्षिशी बरी दिलीन."

व्हर्लीन हसली नाही. तिनं दोन बोटांनी ती नोट त्याच्या खिशातून काढली, शेजारच्या झाडाच्या कुंडीत मातीवर ठेवली आणि रुमालाला बोटं पुसली. "एक ऐका माझं," ती म्हणाली. "आज तरी ते वाक्य बोलू नका."

"कुठलं वाक्य?"

"तुम्हाला माहितीये कुठलं. 'आमच्या मनात काही नाही.' बाकी काय हवं ते बोला. देवाचे आभार माना, राज्याचे माना, स्वयंपाक्याचे माना. पण ते नको. मला ऐकवत नाही ते, डॅडी. आता तर मुळीच नाही ऐकवणार."

ती त्याची खुर्ची कुठं आहे ते बघायला वर गेली आणि तो कोटाच्या बाहीकडे बघत बसला. लाल. जिवंत असलेले सगळे जुने सोबती असल्या दिवशी हा लाल कोट घालायचे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत त्यांच्या काळ्या वैमानिकांच्या तुकडीच्या विमानांची शेपटं लाल रंगवलेली होती, त्याची खूण म्हणून. देशभरातल्या सोबत्यांनी कोट शिवून घेतले तेव्हा अल्फियसनं मापच पाठवलं नाही. आधी म्हणाला, वजन कमी झालं की शिवीन. मग म्हणाला, ओझेला आजारी आहे. ओझेला गेल्यावर म्हणाला, आता कुठं मिरवायचं. एकट्या ओझेलाला ठाऊक होतं की लढाईवरून आल्यावर तिच्या नवऱ्यानं नऊ वर्षं डोक्यावर लाल टोपी घालून स्टेशनात गोऱ्यांच्या ट्रंका वाहिल्या होत्या, आणि तो रंग पुन्हा अंगाला लावायचा नाही असं तो तिच्याजवळ बोलला होता. व्हर्लीनला स्टेशनातली नोकरी माहीत होती, टोपीही आठवत होती, लहानपणी ती घालून ती घरभर हिंडायची. पण टोपीबद्दल बापाला काय वाटायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून या वेळी तिनं गुपचूप त्याच्या जुन्या सुटाचं माप नेऊन कोट शिवून आणला, आणि मुलीनं एवढ्या हौसेनं आणलेला कोट नाही म्हणायची अल्फियसची छाती झाली नाही. जर्मन तोफांना न भ्यालेला माणूस पोटच्या पोरीच्या हिरमुसल्या तोंडाला भितो, त्याला काय करणार.

परत आला तेव्हा त्याच्याजवळ गणिताची पदवी होती, पदकं होती, आणि हवेतल्या तासांचा हिशोब असा की तेवढ्या तासांवर गोऱ्या पोरांना विमान कंपन्या घरी बोलवायला येत होत्या. एका कंपनीच्या कचेरीत तो ओझेलानं इस्त्री केलेला गणवेश घालून गेला. टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. त्यानं बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली, कागद मन लावून वाचले आणि म्हणाला, "तुम्ही उत्तम उडवत असाल यात मला शंका नाही, मिस्टर पेटवे. पण प्रवाशांचा विचार करा. पुढचं दार उघडलं आणि तुम्ही दिसलात, तर बायका घाबरतील." मिस्टर म्हणाला तो. अल्फियसला त्या मिस्टरचंच जास्त लागलं. बाहेर आल्यावर त्यानं कॉफीचे आभार मानल्याचं त्याला आठवलं. आठवड्याभरात तो स्टेशनात होता. तिथं लाल टोप्यांखाली कोण नव्हतं? एक दातांचा डॉक्टर होता, दोन मास्तर होते, एक जण कायदा शिकलेला होता. गाडी यायच्या आधी फलाटावर ते जुन्या लॅटिन कवितांवरून हमरीतुमरीवर यायचे आणि गाडी थांबली की "इकडे, मॅडम, सावकाश" सुरू. ट्रंक उचलायच्या आधी कलती करून बघायची, नाहीतर कंबर जाते, हे त्याला त्या दातांच्या डॉक्टरनं शिकवलं. नऊ वर्षांनी टपाल खात्यात चिकटला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याला वाटायचं, टोपी खुंटीवर टांगली तेव्हा तिच्यातला माणूसही तिथंच टांगून आलो. आज कळलं, तो अंगातच बसून राहिला होता, नुसत्या हाकेची वाट बघत.

"पेटवे! लेका, झोपलास की मेलास?" होझिया टिबेट चाकांच्या खुर्चीतून येत होता. नाकात प्राणवायूची नळी, अंगात लाल कोट, पायात चकचकीत बूट. त्याचा जावई खुर्ची ढकलत होता. शहरातल्या त्यांच्या स्क्वाड्रनमधले आता हे दोघेच उरले होते. त्यांच्याबरोबर मिसेस हॅलोरन होत्या, राज्याच्या वतीनं सगळा समारंभ बघणाऱ्या, गोड स्वभावाच्या, कामसू. अल्फियसचा हात दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "मी फार वेळ घेणार नाही. तुम्ही पाच मिनिटं बोला, जे मनात येईल ते बोला. फक्त शेवट त्या वाक्यानं करा, बरं का? माझ्या मुलाच्या शाळेत तुम्ही आला होतात. 'आमच्या मनात काही नाही.' मी रडले होते. आज लोकांना तेवढंच ऐकायचंय."

"जे मनात येईल ते बोलू, की तेवढंच?" अल्फियसनं हसत विचारलं.

त्याही हसल्या. "तुम्ही भारी खट्याळ आहात," असं म्हणून फुलांची व्यवस्था बघायला गेल्या.

होझियानं जावयाला पाणी आणायला पिटाळलं आणि खुर्ची पुढे रेटली. "तोंड का आंबट? मला कळतं तुझं तोंड. साठ वर्षं बघतोय."

"होझिया, क्लेमेंटचं नाव घेणार आहेत का रे?"

"हयात असलेल्यांना पदक आहे. नियम आहे त्यांचा. मेलेल्यांची नावं घेत बसले तर जेवण थंड होईल." त्यानं दम घेतला. "हे बघ पेटवे. डॉक्टर म्हणतो थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की मी बघणार नाही. मी आत गेलो की लोकांनी उठून उभं राहावं, एवढ्यासाठी मी जगतोय. एकदा. गोऱ्या लोकांनी. तू तुझं जुनं मुरलेलं लोणचं आज उघडू नकोस. त्यांना ते वाक्य हवंय ना? देऊन टाक. आपलं काय जातंय?"

आपलं काय जातंय. जेवणाच्या हॉलमध्ये उंच मंचावर, पांढऱ्या कापडाच्या टेबलामागे बसून अल्फियस कोंबडीच्या तुकड्याशी काट्यानं खेळत होता आणि तेच घोळवत होता. होझियाचं बरोबर होतं. मरायला टेकलेल्या माणसाचा एक दिवस, तो नासवायचा कुणी अधिकार दिला आपल्याला? लोक उठून उभे राहिले होतेच आत येताना, आणि होझिया हुंदके देऊन रडला होता, नळी धरून. समोरच्या टेबलाशी व्हर्लीन बसली होती, पाठ ताठ, ताटाला हात न लावता. तिचं ऐकावं तर होझियाचा दिवस जातो, होझियाचं ऐकावं तर पोरगी जाते. जाते म्हणजे कुठं जाणार, रविवारी चर्चला न्यायला येईल, औषधं भरून ठेवील, मक्याची भाकरी करून आणील. पण आज बॅग उचलताना बघितलेल्या नजरेनंच आयुष्यभर बघेल. आणि आयुष्य म्हणजे आता किती, तेवढीच नजर पुरायची.

ते वाक्य जन्माला कसं आलं ते त्याला लख्ख आठवत होतं. वीसेक वर्षांपूर्वी कुणाला तरी त्यांची आठवण झाली आणि शाळाशाळांतून बोलावणी येऊ लागली. उपनगरातली एक शाळा, समोर सगळी गोरी मुलं, मांडी घालून बसलेली. पुढच्या एका सोनेरी केसांच्या मुलीनं सरळ विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?" प्रश्न चांगला होता, मुलं चांगलेच प्रश्न विचारतात. तो खरं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याची नजर मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बाईंवर गेली. तरुण बाई. तिचा चेहरा असा आवळला होता, जणू कुणी तिच्यावर हात उगारलाय. तिला काय ऐकायला लागणार याची ती वाट बघत होती. आणि अल्फियस म्हणाला, "नाही बाळा. आमच्या मनात काही नाही." बाईंचे खांदे खाली आले. तिनं डोळे पुसले. नंतर हात धरून थँक यू म्हणाली, तीन-तीनदा. घरी जाताना गाडीत त्याला बरं वाटलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर दर वेळी तो ते देत गेला, आणि दर वेळी समोरचे खांदे खाली येत गेले. आज इतक्या वर्षांनी, कोंबडीच्या थंड तुकड्यासमोर त्याला उमगलं की तीही हमालीच होती. दुसऱ्याचं ओझं, त्याला त्रास होऊ नये म्हणून, न मागता उचलायचं, हसतमुखानं नेऊन द्यायचं, आणि मूठ त्याच्या हाताशी येईल अशी वळवून ठेवायची. टोपी खुंटीवर होती तरी काम चालूच होतं. फक्त बक्षिशी टाळ्यांची होती.

क्लेमेंट ओडमनं असलं काही कधी उचललं नसतं. क्लेमेंट त्याच्या शेजारी उडायचा. त्यांचं काम बॉम्बफेक्या विमानांना सोबत करायचं. ती विमानं जड, संथ, पोटात गोऱ्या पोरांची दहा दहा जणांची बिऱ्हाडं, आणि ह्यांची विमानं चपळ. म्हणून वेग कमी करून, नागमोडी वळणं घेत त्यांच्या चालीनं चालायचं. हुकूम एकच होता, सोबत सोडायची नाही. समोर जर्मन विमान दिसलं, अगदी टप्प्यात आलं, पाडलं तर नाव होईल, तरी त्याच्या मागे जायचं नाही. वर इतकी थंडी असायची की मोज्यातली बोटं आपली वाटायची नाहीत, रबरी मुखवट्याचा वास घशात बसायचा, आणि खाली आल्प्सचा बर्फ उन्हात असा चमकायचा की डोळ्यांतून पाणी यावं. त्या उंचीवर अल्फियस सुखी होता. असं सुख त्याला नंतर चर्चमध्ये मिळालं नाही, ओझेलाच्या कुशीतसुद्धा मिळालं नाही, आणि हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. एकदा एका लंगड्या झालेल्या बॉम्बफेक्याला ते दोघं घरापर्यंत घेऊन आले, अगदी पंखाला पंख लावून. शेपटातला गोरा पोरगा काचेतून हात हलवत होता, चुंबन फेकत होता. मुखवटा, चष्मा, टोपी. त्याला काय दिसणार कोण आहे ते. क्लेमेंट रेडिओवर म्हणाला, "हलव रे हात, पेटवे. खाली उतरल्यावर हा आपल्याला बाकावरून उठवणार आहे." अल्फियस इतका हसला की मुखवट्यात धुकं झालं.

तो क्लेमेंट लढाईत मेला नाही. मेला असता तर भिंतीवर नाव तरी लागलं असतं. तो परत आला आणि गावातल्या एका बँकेच्या इमारतीत लिफ्ट चालवायला लागला. "अठराव्या मजल्यापर्यंत परवानगी आहे," असं सांगायचा. "त्याच्यावर गेलो तर बायका घाबरतात." सुरुवातीला सगळे हसायचे. मग तो दुपारपासून प्यायला लागला, मग सकाळपासून. एके दिवशी लिफ्टमध्येच स्टुलावर बसल्या बसल्या गेला, दार उघडं, मजला तळाचा. वयाची पस्तीस वर्षं. लोक दुसऱ्या लिफ्टनं गेले. शवपेटीला खांदा द्यायला लाल टोप्याच आल्या होत्या स्टेशनातल्या, कामावरून तशाच. लष्कराच्या गणवेशातला एकही माणूस फिरकला नाही. क्लेमेंटच्या मनात होतं, ते त्यानं मनात ठेवलं आणि त्यानं त्याला खाल्लं, असं अल्फियसनं त्या वेळी स्वतःला समजावलं. म्हणून मनात ठेवायचं नाही, असा धडा घेतला. सोयीचा धडा होता. त्या धड्यावर त्यानं लेक वाढवली.

व्हर्लीन बारा वर्षांची होती. उन्हाळा होता, सरोवराकाठची वाळू सगळ्यांची आहे असं कायदा सांगत होता, आणि ती दोन मैत्रिणींबरोबर पाण्यात गेली होती. काठावरच्या गोऱ्यांतून आलेला दगड भुवईला लागला. जरा खाली असता तर डोळा गेला असता. घरी आली ती रडत नव्हती. स्वयंपाकघरातल्या मोरीशी तिला बसवून अल्फियसनं गार पाण्यानं जखम धुतली, पुन्हा पुन्हा तीच जागा धुतली, शेवटी ओझेलानं फडकं काढून घेतलं. "डॅडी, ज्यानं मारला तो हसत होता," व्हर्लीन म्हणाली. "तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही त्याला ओरडा." तिचा बाप लढाऊ विमान उडवत होता हे तिला माहीत होतं. तिला वाटलं, तो नुसता उभा राहिला तरी पुरे. आणि अल्फियस तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे, पोरी. मनात ठेवू नये." तिनं त्याच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडे पुन्हा कधी काही मागायला आली नाही, शाळेत पहिली आली, शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली, सगळं स्वतःचं स्वतः. आज सोफ्यासमोर उभी राहून तिनं मागितलं होतं. चव्वेचाळीस वर्षांनी.

त्याचं नाव पुकारलं गेलं. गळ्यात पदक आलं, जरा गार, अपेक्षेपेक्षा हलकं. होझियाच्या गळ्यात आधीच होतं आणि तो त्यावर हात ठेवून लहान मुलासारखा बघत होता. अल्फियस माइकपाशी गेला. त्यानं देवाचे आभार मानले, राज्याचे मानले. होझियाचं नाव घेऊन सांगितलं की हा माणूस दोन्ही इंजिनं बंद पडलेल्या विमानातून उतरून आला होता, आणि होझिया खालून ओरडला, "एकच होतं रे, गाढवा." सगळा हॉल हसला. हवा मऊ झाली. मिसेस हॅलोरन भिंतीशी उभ्या होत्या, हातात रुमाल तयार. आता ते वाक्य आलं की संपलं.

"मुलं मला शाळेत विचारतात," अल्फियस म्हणाला, "तुम्हाला राग नाही आला का? वीस वर्षं मी सांगत आलो, आमच्या मनात काही नाही." टाळ्या सुरू झाल्या. त्यानं तळवा वर केला. "थांबा. ते खोटं आहे."

काही जण हसले, आपल्या आजोबांना हसतात तसे.

"माझ्या मनात आहे. मला राग आहे. तेव्हा होता, आज सकाळी होता, इथं उभा आहे तर आत्ता आहे. तुम्ही साठ वर्षं उशिरा आलात. ज्याला हे द्यायला हवं होतं तो बँकेच्या लिफ्टमध्ये मेला, त्याचं नाव क्लेमेंट ओडम. हे गळ्यात घातलंत म्हणून मी काही माफ केलेलं नाही." शब्द तेच होते, त्याला हवे होते तेच, एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. पण आवाज. आवाज मऊ येत होता, अदबीचा, जरा कापरा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी खाली झुकणारा. रागाचा आवाज कसा काढतात हे त्याच्या घशाला ठाऊकच नव्हतं, कधी काढलाच नव्हता. त्यानं गालांना हात लावला तर तोंडावर हसू होतं. ते त्यानं ठेवलेलं नव्हतं. त्यानं ते पुसायचा प्रयत्न केला आणि लोकांना वाटलं, म्हातारा डोळे पुसतो आहे.

पुढच्या टेबलावरचा एक गृहस्थ उठला. मग त्याची बायको. मग रांगच्या रांग, खुर्च्या मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला आणि आख्खा हॉल उभा राहिला. "किती मोकळेपणानं बोलतात," असं कुणीतरी मंचाजवळ म्हणालेलं त्यानं ऐकलं. "किती गोड आहेत." मिसेस हॅलोरनचा रुमाल डोळ्यांशी होता. होझिया चाकांच्या खुर्चीतून दोन्ही मुठी वर करून हलवत होता, त्याचा दिवस शाबूत होता, उलट सोन्याचा झाला होता. अल्फियसनं हात वर केला, गप्प बसा म्हणून. त्यांना वाटलं तो हात हलवतो आहे. टाळ्या वाढल्या. तो माइकमध्ये म्हणाला, "मी गंमत करत नाही," आणि ते पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही. साठ वर्षं ज्याची भीती वाटली ते सगळ्यांसमोर बोलून झालं होतं, आणि कुणाचाही केस वाकडा झाला नव्हता. इतका राग लपवून ठेवला, कुणी घाबरू नये म्हणून, आणि त्यात घाबरण्यासारखं कुणाला काही दिसलंच नाही.

मग त्या उभ्या माणसांच्या मधे त्याला एक खाच दिसली. व्हर्लीन बसलेली होती. हात मांडीवर, टाळ्या नाहीत. शेजारचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ वाकून तिला काहीतरी म्हणत होते, उठा की, तुमचे वडील आहेत, असंच काहीतरी असणार. तिनं त्यांच्याकडे न बघता मान हलवली. ती बापाकडे बघत होती. भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाचं म्हणणं पूर्ण होईपर्यंत थांबतात तशी ती थांबली होती. अल्फियसनं माइक बाजूला सरकवला. क्लेमेंटबद्दल, कॉफी देणाऱ्या त्या माणसाबद्दल, मोरीशी धुतलेल्या त्या जखमेबद्दल आणि त्या दिवशी आपण तिच्याबरोबर वाळूवर का गेलो नाही त्याबद्दल, जे सांगायचं राहिलं होतं ते तो सांगू लागला. आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता. ती त्याच्या ओठांकडे बघत होती आणि मधूनमधून मान हलवत होती. चारशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, त्या सगळ्या हॉलमध्ये बसून ऐकणारी तेवढी एकच होती.